विश्लेषण : घटनास्थळाची सफाई करणाऱ्यांना परवाना का लागतो? अमेरिकेतील नियम काय सांगतात?

पोलिसांचा तपास संपतो, मृतदेह हलवला जातो. मग घरात सांडलेले रक्त कोण साफ करणार? अमेरिकेत हे काम सहसा पोलिसांचे नसते; ते कुटुंबावर किंवा घरमालकावर येऊन पडते. त्यातूनच तेथे या सफाईचा खासगी व्यवसाय उभा राहिला.

धोका काय?

रक्तातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. रक्त गादीत, गालिच्यात, लाकडी जमिनीखाली झिरपते. अशा वेळी केवळ पुसून भागत नाही, तो भाग कापून काढावा लागतो.

देशभर लागू नियम कोणता?

कामगार सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा ‘ओशा’ने १९९१ मध्ये रक्तातून पसरणाऱ्या रोगजंतूंबाबत नियम केला. त्यानुसार कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, संरक्षक साधने आणि हिपॅटायटिस बीची लस मोफत देणे मालकावर बंधनकारक आहे. मात्र हा नियम कामगारासाठी आहे, ग्राहकासाठी नाही.

परवाना कुठे लागतो?

ते राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात हा व्यवसाय करणाऱ्याला राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी गुन्हा घडलेलाच असावा, अशी अट नाही. गंभीर दुखापत, आजारपण किंवा मृत्यू, यांपैकी कोणत्याही ठिकाणचे रक्त व्यवसाय म्हणून हटवणाऱ्याला कायदा लागू होतो. हा कचरा घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही; वैद्यकीय कचऱ्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी लागते. अनेक राज्यांत मात्र या व्यवसायासाठी स्वतंत्र परवानाच नाही.

नोंदणी म्हणजे हमी का?

नाही. कॅलिफोर्नियातील नोंदणीचा भर कचऱ्याची हाताळणी, साठवण आणि वाहतूक यांवर आहे. सफाईचे दर त्यातून ठरत नाहीत. दुःखात बुडालेले कुटुंब भाव न विचारताच करारावर सही करते आणि बिल हाती आल्यावर हादरते.

खर्च कोण देतो?

काही गृहविमा योजनांत हा खर्च मिळतो. गुन्ह्यातील पीडितांना अनेक राज्यांच्या भरपाई निधीतून ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळते. आत्महत्या किंवा नैसर्गिक मृत्यू असल्यास ती सहसा मिळत नाही.

कुटुंबाने काय पाहावे?

राज्यात नोंदणी सक्तीची असेल तर ती तपासावी, खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा आणि सहीपूर्वी विमा कंपनीला फोन करावा. शक्य असल्यास ही जबाबदारी थोड्या दूरच्या नातेवाइकाने किंवा मित्राने उचलावी. त्या दिवशी घरच्यांना हिशेब सुचत नाही.