खारट चिखलात तिवर जगतो, मग ऊस का नाही?



कृष्णा, वारणा, पंचगंगा काठच्या काळ्या रानात मीठ फुटणे आता नवीन राहिलेले नाही. पाणी आले, सऱ्या तुडुंब भरल्या, पण निचऱ्याकडे कुणी पाहिले नाही. जमिनीखालचे पाणी वर चढले, ते उन्हाने उडून गेले आणि मीठ तेवढे माथ्यावर राहिले. मग प्रश्न निघतो : कोकणात खाडीच्या चिखलात तिवराची झाडे हिरवीगार उभी असतात, आपलाच ऊस का करपतो? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

आधी मिठाचा स्वभाव पाहू. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. खारट मातीतही तसेच होते. मुळांना पाणी ओढणे जड जाते. रान ओले, पण पीक तहानलेले! मीठ आत शिरले तर पानांच्या कडा जळतात. त्यात जमीन पाणथळ असेल तर मुळांचा श्वासही कोंडतो.

तिवराने या साऱ्यांवर उपाय केलेला आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. त्यातले शेकडा ९० हून अधिक मीठ तिवराची मुळे बाहेरच अडवतात. जे आत येते, त्यातले बरेचसे पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर पडते. म्हणून तिवराचे पान जिभेला खारट लागते. उरलेले मीठ पेशीतल्या रसाच्या पिशवीत कोंडून ठेवले जाते, म्हणजे नाजूक भागाला ते बाधत नाही. हवेसाठी चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर डोके काढतात. कांदळाला पानावर अशा ग्रंथी नाहीत, पण त्याच्या मुळांची गाळणी आणखी कडक. शिवाय त्याचे बी झाडावरच रुजते आणि लांब रोप होऊनच खाली पडते. खाडीकाठची मोरस आपल्या जाड, रसरशीत पानांत मीठ साठवून ठेवते.

हे सगळे फुकट होत नाही. मीठ अडवायला, बाहेर टाकायला झाडाची शक्ती खर्च होते. जास्त खारट जागी तिवर वाढतो सावकाश आणि राहतो खुजा. ऊस मात्र आपण भरघोस वाढीसाठी आणि साखरेसाठी निवडत आलो. त्याच्याजवळ मीठ टाकणाऱ्या ग्रंथी नाहीत, वर डोके काढणारी मुळे नाहीत. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता १.७ डेसीसायमनच्या वर गेली की उसाचा उतारा घटू लागतो. पुढे प्रत्येक एककाला शेकडा सुमारे ६ ने. समुद्राचे पाणी याच मापाने ५० च्या आसपास भरते.

आता खरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. तिवरालासुद्धा निचरा लागतो! भरती येते, ओहोटी लागते, आणि साचलेले मीठ धुऊन जाते. जिथे फक्त उधाणाचेच पाणी पोचते आणि मग उन्हाने आटते, तिथे तिवर खुरटतो. त्याहून वरच्या जागी तर नुसती उघडी खारट जमीन राहते. एवढी हत्यारे असलेल्या झाडाची ही गत, तर उसाची काय कथा?

आपल्या रानाला ओहोटी नाही. ती आपणच करायची. पाणी मोजून द्यावे, जमल्यास ठिबकने. उघडे चर काढावेत, किंवा छिद्रांचे पाइप जमिनीत गाडून पाणी ओढ्याला काढावे. आधी निचरा, मग गोड्या पाण्याने मीठ धुणे, मग ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे. नुसत्या खारवट जमिनीत ते टाकून पैसा वाया जातो. म्हणून माती तपासल्याशिवाय पोते फोडू नये.

आणि एकट्याने चर काढून भागत नाही. आपले पाणी खालच्या बांधाला जाते, त्याचे त्याच्या खालच्याला. ओढ्यापर्यंतची वाट सगळ्यांनी मिळून काढली तरच जमीन सुधारते. सहकार साखरेपुरता ठेवू नका, बांधापर्यंत न्या.