साडेचार म्हणजे किती?

सकाळी ७:४५. जिल्ह्याच्या ठिकाणचा अतिदक्षता विभाग. ओव्हर देताना रात्रपाळीची सिस्टर सांगते, "चार नंबरचे आजोबा, सेप्सिस. नॉरअ‍ॅड साडेचारवर आहे." मी तिला तिथेच थांबवते. पंपावर ४.५ एमएल पर अवर मलाही दिसतंय. मला डोस हवा आहे, म्हणजे दर किलोला, दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये औषध किती घातलंय हे कळल्याशिवाय एमएलचा आकडा काहीच सांगत नाही. ती लेबल वाचते: ५० एमएलमध्ये ४ मिलिग्रॅम. म्हणजे एका एमएलमध्ये ८० मायक्रोग्रॅम. ४.५ गुणिले ८०, तासाला ३६०, मिनिटाला ६. आजोबांचं वजन ६० किलो, म्हणून डोस ०.१. असं ओव्हर झालं की मला पेशंट कळतो.

हे ६० किलो कुठून आलं, तेही मी विचारते. मुलगा वजन सांगतो ते बऱ्याचदा जुनं असतं, मधल्या आजारपणात माणूस वाळलेला असतो. गुणाकार-भागाकार शाळेतलेच आहेत, त्यात फारसं कोणी चुकत नाही. धोका त्याच्या आधी असतो: वजन धरताना, लेबल वाचताना, मिलि आणि मायक्रो लिहिताना.

८:३०. सिरिंजमध्ये ७ एमएल उरलंय. ४.५ च्या रेटने दीड तास पुरेल, म्हणजे १० च्या आत दुसरी तयार हवी. राउंडला डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, डोस वाढवावा लागेल असं दिसतंय. सिरिंज सारखी बदलायला नको, डबल स्ट्रेंथ करा." आता ५० मध्ये ८ मिलिग्रॅम, एका एमएलमध्ये १६०. तोच ०.१ डोस आता २.२५ वर बसेल.

अँप्युल फोडण्याआधी मी लेबल मोठ्याने वाचते. नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या लेबलावर कधी बायटार्ट्रेट क्षाराचं वजन असतं, कधी मूळ औषधाचं. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे मूळ औषध साधारण १ मिलिग्रॅम. कंपनी बदलली आणि लेबल नीट वाचलं नाही, तर सगळं गणित बरोबर येऊनही पेशंटला निम्मं किंवा दुप्पट औषध जातं. शेजारच्या बेडची सिस्टर तिच्या कागदावर वेगळं गणित करते. माझं उत्तर मी तिला आधी दाखवत नाही. दाखवलं तर ती फक्त मान हलवेल, आणि तशी तपासणी काय कामाची? तिचंही २.२५ आलं की लेबलवर दोघींच्या सह्या.

९:१५. पाच नंबरच्या ताईंचं पोटॅशियम २.८. ऑर्डर आहे ४० मिलिइक्विव्हॅलंट, ५०० एमएल सलाईनमधून, ४ तासांत. १५ टक्क्यांच्या १० एमएल अँप्युलमध्ये २० असतात, म्हणून दोन अँप्युल. रेट १२५, तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट. घातल्यावर बॅग चांगली उलटसुलट करते, नाहीतर जड पोटॅशियम पोर्टपाशी तळाला बसतं आणि सुरुवातीलाच एकदम शिरेत जातं. मॉनिटरवरच्या ईसीजीवर नजर ठेवायची.

९:४५. सिरिंज बदलायची. नॉरअ‍ॅडचा परिणाम एक-दोन मिनिटांत ओसरतो, तेवढ्या वेळात आजोबांचं प्रेशर खाली येईल. त्यात आज स्ट्रेंथ बदलली आहे. जुन्या पंपाला नुसती नवी सिरिंज लावून रेट २.२५ केला, तर एक्स्टेन्शन लाइनमध्ये अडकलेलं जुनं, पातळ औषधच आधी जाईल. लाइनमध्ये दीड एमएल असेल तर तब्बल ४० मिनिटं अर्धा डोस. म्हणून दुसरा पंप, नवी लाइन, ती टोकापर्यंत नव्या औषधाने भरलेली. नवा पंप सुरू करते, प्रेशर उचललेलं दिसलं की जुना बंद. आर्टेरियल लाइनचा मीन ६८ वरून ७४ झाला, मग ७० वर स्थिरावला. त्यानंतरच मी बेड सोडते.

११:००. स्टुडंट सिस्टरला इन्सुलिन इन्फ्युजन भरायचंय: ५० युनिट, ५० एमएल सलाईनमध्ये, म्हणजे एका एमएलला एक युनिट. "किती काढशील?" "सव्वा एमएल." "कुठल्या व्हायलमधून?" ती गप्प. ४० युनिटच्या व्हायलमधून सव्वा एमएल बरोबर आहे. १०० युनिटच्या व्हायलमधून तेवढंच काढलं तर १२५ युनिट होतात, अडीचपट. मी दोन्ही व्हायल तिच्या हातात देते, दोन्ही सिरिंजही देते: लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. ती जोड्या लावते, मग वहीत लिहिते. आधी औषधाची ताकद, मग वजन, मग डोस आणि सगळ्यांत शेवटी एमएल, हा क्रम मी सगळ्यांनाच लावते. पोरगी हुशार आहे, उद्या मला विचारायची वेळ येणार नाही.

१२:१५. स्टेप-डाउनमधल्या काकांना ५०० एमएल आरएल ८ तासांत द्यायचंय. इथे पंप नाही, २० थेंबांचा सेट आहे. मिनिटाला २१ थेंब. घड्याळ धरून १५ सेकंदांत ५ थेंब मोजते. काकांनी कोपर दुमडला की वेग बदलतो, म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा करते.

१:००. व्हँकोमायसिन १ ग्रॅम, २०० एमएलमध्ये, २ तासांत, रेट १००. घाईने गेलं तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, प्रेशरही उतरू शकतं. ताईंना आधीच सांगून ठेवते, "अंग खाजलं तर लगेच बेल दाबा."

१:३०. पोटॅशियमची बॅग संपली. सॅम्पल काढते, दुसऱ्या हाताच्या शिरेतून, ज्या हातात सलाईन चाललंय त्यातून नाही. मामा लॅबकडे पळतात. आजोबांचा डोस मघाशी ०.१२ झालाय. स्टुडंट सिस्टर न विचारताच कागदावर ७.२, मग ४३२, मग २.७ मांडते आणि पंपाकडे बघते. पंपावर २.७ आहे.

२:०० ला लॅबचा फोन: ताईंचं पोटॅशियम ३.४. डॉक्टरांना कळवते. दुसऱ्या बॅगची ऑर्डर ते थांबवतात, आणि ६ वाजता पुन्हा सॅम्पल पाठवायचं असं मी दुपारच्या सिस्टरच्या चार्टवर लिहिते.