विद्यापीठाची खरी ओळख खिडकीपाशी

विद्यापीठाची थोरवी विद्वान मंडळी संशोधनावरून जोखतात. सामान्य माणसाचे माप निराळे असते. करमाळ्याहून पहाटेची एस.टी. पकडून सोलापूरला आलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ प्रथम भेटते ते प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याच्या आणि मग खिडकीमागील लिपिकाच्या रूपाने. त्या दोघांच्या चार शब्दांवरून तो जे मत बनवितो, तेच गावच्या पारावर विद्यापीठाविषयीचे मत म्हणून रूढ होते.

सोलापूरकरांना या गोष्टीचे मोल विशेष आहे. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांचा कारभार तेथून चालू लागला. मुख्य कार्यालय दोनशेहून अधिक किलोमीटर दूर! १ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले, ते हे अंतर मिटावे म्हणून. परंतु रस्त्याचे अंतर मिटले तरी खिडकीपुढचे अंतर आपोआप मिटत नाही. ‘उद्या या’ हे दोन शब्द केगावच्या आवारालाही कोल्हापूरइतके दूर नेऊ शकतात.

जनसंपर्क म्हणजे वृत्तपत्रांना बातम्या धाडणे, आणि ते काम जनसंपर्क अधिकाऱ्याचे, अशी एक सोयीस्कर समजूत कोणत्याही मोठ्या संस्थेत असते. वस्तुतः शिपायापासून कुलगुरूंपर्यंत प्रत्येक सेवक हा संस्थेचा जनसंपर्क अधिकारीच होय. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे नांदतात. यंत्रमागावर राबणाऱ्या बापाला किंवा विड्या वळणाऱ्या आईला मुलाच्या प्रमाणपत्रासाठी हेलपाटा पडला, की त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाशी त्याला कळेल अशा भाषेत बोलणे हा उपकार नव्हे; ते कर्तव्याचेच अंग आहे.

कायद्यानेही आपल्यापरीने वाट आखून दिली आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत, निकाल लावण्याचे बंधन आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारण्याचा आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतीत सेवा मिळविण्याचा हक्क दिला. तथापि कायद्याने मुदत घालून देता येते, आपुलकी शिकविता येत नाही.

मात्र सारा दोष खिडकीमागच्या माणसावर ढकलणे अन्यायाचे ठरेल. निकाल का लांबला हे ज्याला वरिष्ठांनी सांगितलेलेच नाही, तो विद्यार्थ्याला काय सांगणार? परीक्षा विभागात काय चालले आहे याची माहिती रोज सकाळी चौकशी खिडकीपर्यंत पोहोचली पाहिजे. कोणते काम कोणाकडे, याचा ठळक फलक हवा. प्रत्येक अर्जाला तारखेची पोच हवी. आणि आपले नसलेले काम कोणाकडे आहे हे सांगितल्यावाचून कोणी कोणाला परत पाठवू नये. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

यात सेवकवर्गाचेही हित आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी सेवाविषयक मागण्यांसाठी संप केला. अशा लढ्यांना समाजाची सहानुभूती लाभते की नाही, हे एरवी वर्षभर खिडकीशी जोडलेल्या नात्यावरच ठरते. ज्याने आपले काम आस्थेने केले, त्याच्या गाऱ्हाण्याला लोक कान देतात.

२०१९ साली या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. अहिल्याबाई दररोज दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत, अशी नोंद माल्कमसारख्या इंग्रज अधिकाऱ्यानेही करून ठेवली आहे. ते नाव प्रवेशद्वारावर कोरणे सोपे. ते प्रत्येक खिडकीत दिसणे हीच त्या नावाची खरी पूजा ठरेल.