मंदीत सोडलेला पैसा मुरतो कुठे?

बाजार बसला की सरकार सांगते, खर्च करा, म्हणजे धंदा चालेल. आपल्या घरची रीत नेमकी उलटी. आंब्याचे साल वाईट गेले की आपण आधी हात आखडतो. मग शहाणे कोण?

सरकारची बाजू आधी ऐकून घेऊ. राजापूर तालुक्यात मुंबईला चाकरीवर माणूस नाही असे घर विरळाच. सगळ्यांनी एकदम खरेदी थांबवली तर कारखान्याचा माल पडून राहतो, पाळ्या कमी होतात, आपल्या चाकरमान्याचा पगार थांबतो आणि मग राजापूरच्या पेठेतला वाणीही उधारी बंद करतो. एका घराची काटकसर शहाणपणाची, पण साऱ्या मुलखाने मिळून केली तर अंगाशी येते. म्हणून मंदीत सरकारने पैसा सोडावा यात वावगे काही नाही. तो कुणाच्या हाती आणि कशासाठी, एवढेच विचारायचे.

२०२० साल आठवा. टाळेबंदीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. वाढली ती एकटी शेती. १२ ऑक्टोबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केंद्राच्या नोकरवर्गाला सणाची उचल जाहीर केली. १० हजार रुपये, बिनव्याजी, फेड दहा हप्त्यांत. पण रोख नव्हे, कार्डावर, आणि ३१ मार्च २०२१ च्या आत खर्चायचे. प्रवास सवलतीच्या बदल्यात जी रक्कम देऊ केली तिची अट तर अशी, की भाड्याच्या तिप्पट खरेदी करा आणि तीही १२ टक्के किंवा जास्त जीएसटीच्या मालाची. म्हणजे तांदूळ चालायचा नाही, टीव्ही चालेल! जनधन खात्यावरच्या बायकांना त्याच वर्षी मिळाले महिना ५०० रुपये, तेही तीनच महिने.

आता राजापुरात घेतलेल्या टीव्हीचा हिशेब करा. दुकानदाराचा नफा आणि हमालाची मजुरी गावात राहते, बाकी सारे घाट चढून जाते.

याउलट आपल्याच राज्याने केलेले पाहा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यासाठी १९७५ पासून पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊ लागले. म्हणजे मुंबईतल्या चाकरमान्याच्या पगारातून चार रुपये कापले जात आणि त्यातून गावाकडे काम निघे. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली आणि कोकणाचे रूप पालटले. कातळात खड्डा मारा, माती भरा, काजूचे कलम लावा, पाणी घाला, गडगा रचा. सारी मजुरी गावातच. त्या मजुरीतून मजुराने तांदूळ-गूळ घेतला, तेव्हा पेठही चाललीच की! शिवाय तीन-चार वर्षांनी कलम धरू लागले. उचलीतला टीव्ही तोवर जुना झालेला असतो.

सगळेच गोमटे झाले असे नाही. अनुदानापुरती कलमे लावून पुढे तिकडे न फिरकलेले लोक होते, वणव्यात बागाही गेल्या. आणि ज्याला जमीनच नाही त्याला मजुरी मिळाली, झाड मिळाले नाही. हे दुखणे मोठे आहे.

म्हणून वहिनींनो, दादांनो, सणाला बिनव्याजी हप्त्याची जाहिरात आली की कागदावर मांडून पाहा. हप्ते संपण्याआधी ती वस्तू दोन पैसे आणील का? शेगडी, पंप, फवारणी यंत्र कदाचित आणील. बिनव्याजी म्हणतात तिथे फी किती आणि रोखीची किंमत किती, हेही विचारा; विचारायला लाजू नका.

दुसरे काम गणपतीतले. फळबागेच्या सरकारी योजनेत सामाईक सातबारा असला की इतर खातेदारांची संमती मागतात आणि आपले निम्मे खातेदार मुंबईत. गणपतीला सारे भाऊबंद घरी असतात, तेव्हा आरती आटोपल्यावर सह्यांचा कागद पुढे करा. विसर्जनानंतर गाडी सुटली की पुन्हा शिमग्यापर्यंत थांबावे लागेल.