गेममधला राक्षस 'फायटर' कसा होतो?

गेममध्ये आपल्याला छळणारा बॉस राक्षस आपल्यालाच खेळायला मिळाला तर? ऐकायला मजा वाटते, पण कोडिंगच्या बाजूने काम अवघड आहे.

'मेट्रॉइड' (1986) मधला रिडली घ्या. 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' (2008) मध्ये तो फक्त बॉस होता. 2018 च्या 'अल्टिमेट'मध्ये तो खेळता येऊ लागला, पण आकार बराच कमी करून. का? प्रत्येक फायटरभोवती अदृश्य चौकटी असतात: हिटबॉक्स मार देतो, हर्टबॉक्स मार खातो. अंग मोठं तर हर्टबॉक्स मोठा, मग प्रत्येक फटका त्यालाच लागणार!

दुसरा मुद्दा वेळेचा. फायटिंग गेम साधारण सेकंदाला 60 फ्रेमने चालतो. बॉसचा हल्ला मुद्दाम हळू ठेवतात, म्हणजे खेळाडूला सावध होता येतं. पण 40 फ्रेमनंतर लागणारा फटका म्हणजे सेकंदाचे दोन तृतीयांश. समोर माणूस खेळत असेल तर तेवढ्यात आरामात ब्लॉक करतो. म्हणून फायटर करताना हल्ले वेगवान करावे लागतात आणि ताकद कमी.

आता आमच्या डहाणू-तलासरीचा गेम करायचा म्हटलं, तर आधी वाघ आठवतो. पण वारली समाज वाघदेवाला पुजतो. त्याला बॉस केलं तर खेळाडू मारणार, फायटर केलं तर कधीतरी तो हरणारच. माझ्या मते त्याला लढाईत ओढूच नये. त्यापेक्षा चिकूच्या वाडीतला नवा राक्षस घडवूया: चाल मंद, पण लांबून चिकू फेकणारा. तुम्ही त्याला किती फ्रेम द्याल?