घरची वही आणि आकाशवाणी

मराठी घरांत लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती त्यांच्या लेखनाला श्रोता मिळण्याची. महाराष्ट्राबाहेरच्या कुटुंबांना ही उणीव अधिक जाणवते. आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडे घरात, बगीच्यात व आठवडी बाजारात मराठी चालते. शाळेत आणि कचेरीत मात्र बहुतांशी हिंदी. परिणामी बोलणे मराठीत राहिले आणि लिहिणे हळूहळू हिंदीत गेले. जे मराठीत उतरले ते आजीच्या ओव्यांच्या वहीत किंवा जमाखर्चाच्या मागच्या पानांवर पडून आहे. अशा अप्रसिद्ध लेखनाला आकाशवाणीने नियमित वेळ द्यावा आणि आपणही ते तिच्याकडे पाठवावे, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते.

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा नागपूर आमच्याच प्रांताची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि आमची राजधानी भोपाळ झाली. नकाशावर रेघ ओढली गेली, पण नभोवाणीच्या लहरींनी ती कधी मानली नाही. नागपूरची मराठी आमच्या ओसरीवर पूर्ववत ऐकू येत राहिली. २०२३ मध्ये सौसर व पांढुर्णा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कानांचा हा जुना संबंध तुटलेला नाही.

परंतु श्रोत्याने केवळ ऐकतच राहावे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठी मुलखातच मिळाले आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले म्हणणे व शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. प्रयोग यशस्वी ठरला आणि १९५९ पासून तो देशभर नेण्यात आला. खेड्यातून आलेला कागदही ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

येथे कोणी म्हणेल, शेतीच्या शंका निराळ्या आणि साहित्य निराळे. शिवाय केंद्र परराज्यातले, त्याने आमच्या लेखनाची दखल का घ्यावी? अशांनी बीबीसीच्या ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ या कार्यक्रमाचा इतिहास पाहावा. जमैकाच्या कवयित्री उना मार्सन यांनी तो १९४३ मध्ये सुरू केला. त्या बेटांवर त्या काळी पुस्तके छापणारे प्रकाशक जवळजवळ नव्हतेच. नवखे लेखक आपली हस्तलिखिते किंग्स्टन येथील प्रतिनिधीकडे पाठवीत. तेथे निवड होऊन ती लंडनला जात आणि हजारो मैलांवरून त्याच बेटांवर ऐकू येत. १९४६ पासून हेन्री स्वांझी यांनी संपादन पाहिले. परक्या थाटाची नक्कल नको, तुमच्या भोवतालचे आणि तुमच्या बोलीतले लिहा, असा त्यांचा कटाक्ष असे. १९५८ मध्ये कार्यक्रम बंद झाला. तोवर एक अख्खी लेखकपिढी उभी राहिली होती. त्यांतील डेरेक वॉलकॉट यांना १९९२ चे आणि व्ही. एस. नायपॉल यांना २००१ चे नोबेल पारितोषिक लाभले. लंडन त्या बेटांपासून जितके दूर होते, तितके नागपूर आपल्यापासून खासच नाही.

अमेरिकेतही असेच घडले. १९९९ मध्ये तेथील सार्वजनिक नभोवाणीने कादंबरीकार पॉल ऑस्टर यांना दरमहा एक कथा लिहिण्याची विनंती केली. ते नाखूश होते. त्यांच्या पत्नीने सुचविले की, श्रोत्यांकडूनच कथा मागवाव्यात. अट दोनच गोष्टींची: कथा खरी असावी व छोटी असावी. चार हजारांहून अधिक कथा आल्या. ऑस्टर त्यांतील निवडक कथा स्वतः वाचून दाखवीत. पुढे १७९ कथांचे पुस्तकही निघाले.

आमच्याकडे सांगण्यासारखे काय आहे, ही शंका म्हणूनच व्यर्थ होय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. वर्तमानपत्रांत जखमींचा आकडा छापून येतो. पण त्या दिवशी मुलाची वाट पाहणाऱ्या आईची दुपार कशी जाते, हे कोण लिहिणार? मृग बहारासाठी ऐन उन्हाळ्यात संत्र्याचा बगीचा ताणावर सोडल्यावर शेतकऱ्याची नजर आभाळाकडे कशी लागते, हे त्याच्यावाचून कोण सांगणार?

लिहिताना इतके ध्यानी असावे की, हे लेखन कानांसाठी आहे. वाक्ये आटोपशीर असावीत, कारण श्रोत्याला पान मागे उलटता येत नाही. पाच मिनिटांसाठी पाचशे-साडेपाचशे शब्द पुरतात. पाठविण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. जेथे जीभ अडखळेल तेथे वाक्य बदलावे. बोलीतले शब्द मात्र बदलू नयेत. छापताना जे अशुद्ध म्हणून खोडले जाते, तेच ऐकताना आपले वाटते.

केंद्रांकडेही आमचे मागणे आहे. लेखकाचे नाव व गाव सांगावे, रीतसर मानधन द्यावे, बोलीला कात्री लावू नये आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. ही काही याचना नव्हे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे. त्या मालमत्तेत सीमेवरच्या मराठी घरांचाही वाटा आहे.

आता मोबाइलवरही आकाशवाणीची अनेक केंद्रे ऐकता येतात. म्हणजे सौसरची एखादी आठवण इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरात पोहोचू शकते. आपल्या मुलांना मराठी वाचण्याचा कंटाळा असेल. परंतु आपल्याच आजीचे शब्द आकाशवाणीवरून येऊ लागले, तर ती कान टवकारल्यावाचून राहणार नाहीत. तेव्हा ट्रंकेतली ती वही बाहेर काढावी, हे उत्तम.