रेंज गेली, बिल चढले की नाही?

पथारीवर वाळलेली मिरची पोत्यांत भरून ट्रक नंदुरबारहून गुजरातेत निघायचा आहे. किंमत 50 हजारांच्या वर, म्हणजे ई-वे बिल हवेच. मुनीम मजकूर भरतो, बटण दाबतो आणि नेमकी रेंज जाते. सातपुड्याकडच्या धडगाव-अक्कलकुव्यात तर हे नेहमीचेच. मग आपले पुष्कळ व्यापारी बंधू पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एक तर आपला मजकूर पोर्टलपर्यंत गेलाच नसेल. किंवा तो पोचून बिल तयारही झाले असेल, फक्त उत्तर वाटेत हरवले. पडद्यावर दोन्ही वेळी सारखेच दिसते. रजिस्टर पत्राची पोच आली नाही म्हणून पत्र पोचलेच नाही, असे आपण धरत नाही.

म्हणून रेंज येताच आधी त्या दिवशीच्या ई-वे बिलांची यादी पाहावी. बिल असेल तर छापून घ्यावे. नसेल तर त्याच बिल नंबरावर पुन्हा पाठवावे. एकाच नंबरावर माल पाठवणाऱ्याला दुसरे ई-वे बिल काढू द्यायचे नाही, अशी सोय पोर्टलवर नोव्हेंबर 2018 पासून आहे. पण ‘नंबर घेत नाही’ म्हणून वैतागून पुढे ‘अ’ जोडला की पोर्टल ती नवी विक्री समजते! माल एक, बिले दोन, आणि पुढे खुलासे देत बसायचे. असे जादा बिल 24 तासांच्या आत रद्द करावे. वाटेत अधिकाऱ्याने ते तपासले असेल तर तेही जमत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण येते. पायथॉन भाषेची पॅकेजेस जेथे ठेवतात त्या ‘पायपीआय’ भांडारात एका नावाची फाईल एकदाच चढते. सर्व्हर अडखळला तर चढवण्याचे ‘ट्वाईन’ हे साधन स्वतःच काही वेळा पुन्हा प्रयत्न करते. दर खेपेला थोडे अधिक थांबणे बरे, कारण सगळेच एकदम धडकले तर सर्व्हर आणखी दबतो. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हा अनुभव कोणाला नाही?

छोट्या कारागिरांचा प्रश्न यूपीआयचा. गिऱ्हाईक म्हणते पैसे कटले, आपल्याकडे जमा नाहीत. लगेच दुसऱ्यांदा मागू नयेत. आधी व्यवहाराचा नंबर घेऊन आपले खाते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला न पोचलेली रक्कम व्यवहारानंतर 5 दिवसांत गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत गेली पाहिजे. पुढे उशीर झाला तर दररोज 100 रुपये भरपाई त्यालाच मिळते.